नकाशावरचा फिकट चौकोन

१२ जानेवारी, रविवार

आज सकाळी माझ्या सार्वभौम हद्दीवर आक्रमण झालं. चर्चहून परतले तर रस्त्याच्या कडेची माझी खुर्ची चक्क दोन फूट पूर्वेला सरकलेली.

उपसेल त्याची जागा. दारासमोरचा बर्फ ज्याने फावड्याने काढला तिथे गाडी त्याची, आणि गाडी बाहेर गेली की खुर्ची त्याची. वेस्ट हॅरोत हा कायदा कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच कुणी मोडत नाही. आमच्या गल्लीत लोकांनी नवरे सोडले, चर्च सोडलं, समोरच्या डगनच्या धाकट्याने तर दारूसुद्धा सोडली; पण दुसऱ्याच्या खुर्चीला आजवर कुणी हात लावला नव्हता.

शेजारच्या एमिल सोपकोचं दार बडवलं. दार उघडून तो आधी धापा टाकत उभा राहिला. हल्ली स्वयंपाकघरातून दारापर्यंत येणं म्हणजे त्याला डोंगर चढणं झालंय.

"कोणी केलं हे?"

"काय?"

"माझी खुर्ची हलवली."

"बर्नी, ती खुर्ची माझी आहे."

"खुर्ची तुझी असेल. जागा माझी आहे. मुद्दा जागेचा आहे."

"जागाही गेल्या वर्षी मीच उपसली. तुझा खांदा दुखत होता म्हणून."

असल्या तांत्रिक मुद्द्यांवर मी वाद घालत नाही. माझी स्वतःची खुर्ची मागच्या हिवाळ्यात बर्फ ढकलणाऱ्या गाडीखाली गेली. तेव्हा एमिलने आपल्या स्वयंपाकघरातल्या चारांपैकी एक आणून दिली: पिवळी बैठक, चकचकीत पाय, त्याच्या बायकोने, आयरीनने, लग्नानंतर हौसेने घेतलेली. तेव्हापासून तो स्वतःच्या जागेवर बादली ठेवतो. गाड्या आम्ही दोघांनीही कधीच विकल्या, पण जागा ती जागा. परत देणार आहेच मी. हिवाळा संपला की.

मागचा हिवाळा संपल्यावरही मी हेच म्हणाले होते, अशी आठवण त्याने करून दिली. त्याची स्मरणशक्ती फुप्फुसांपेक्षा चांगली आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

गुन्हेगार सापडले. राज्याच्या खात्याची मोजणीवाली माणसं. तिपाई रोवायला त्यांनी खुर्ची बाजूला केली आणि तिच्या जागी रस्त्यावर गुलाबी रंगाचा ठिपका मारून ठेवला. माझं घर आणि एमिलचं घर, बरोबर दोन्हींच्या मधोमध.

खुर्ची त्यांनी हलवली; पण ठिपक्याची जागा मीच दाखवली होती. म्हणजे गुन्ह्यात माझाही हात आहे.

रेल्वे संग्रहालयाची नकाशाखोली माझ्याकडे आहे. पगार अर्ध्या वेळेचा, धूळ पूर्ण वेळेची. जुन्या विमा कंपन्यांनी आगीचा धोका मोजायला काढलेले नकाशे आहेत. रेल्वेचे कारखाने, इंजिनशेड, गोदामं, आमच्या गल्ल्या, सगळं घरागणिक. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी. कारखाने सगळे गुलाबी. आमच्या आजोबांच्या चाळी एकजात पिवळ्या. कंपनीने शंभर वर्षांपूर्वीच आमच्याकडे सरपण म्हणून पाहिलं होतं.

गल्लीच्या पश्चिम टोकाला तेव्हा रुळांखालच्या लाकडी स्लीपरांना डांबरतेल पाजायचा कारखाना होता. एक्कावन्न साली तो बंद झाला. जमीन सपाट केली आणि वर आमची घरं बांधली. आता साठ वर्षांनी राज्याला जमिनीत विष सापडलंय. जुन्या कारखान्याच्या हद्दीत जी घरं येतात ती सरकार योग्य भावात विकत घेऊन पाडणार. हद्दीबाहेरची घरं 'निरीक्षणाखाली'. म्हणजे कुणीतरी लांबून बघत राहणार.

हद्द कुठे, ते त्यांनी शरद ऋतूत मला विचारलं. चोवीस सालचा नकाशा काढून, आजच्या नकाशावर बसवून, मी रेघ ओढून दिली. अचूक. माझं घर आत. एमिलचं बाहेर.

एमिल खिडकीतून ठिपक्याकडे बघत होता. म्हणाला, "हात चांगलाय तुझा. अगदी सरळ आलीय."

२३ जानेवारी, गुरुवार

ज्याला जायचंय तो बाहेर आणि जिला जायचं नाही ती आत. सरकारला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

मला हे घर सोडून जायचं नाही. कुठे जाऊ? माझं सगळं इथेच आहे: चर्च, नकाशे, शेजार. एमिलला मात्र जायलाच हवं. डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं की या दरीतल्या तळघरावर राहू नकोस. दर वसंतात बर्फ वितळला की त्याच्या तळघरात नव्या डांबरी रस्त्यासारखा वास येतो. मुलगी जोअ‍ॅन दक्षिणेला, कॅरोलायनात. तिचं घर दोन खोल्यांचं, त्यात तीन पोरं. हे घर विकलं तर तिच्याजवळ एक छोटंसं घेता येईल, एवढंच त्याचं स्वप्न. आणि शेजारचं घर विषारी म्हणून पाडल्यावर त्याचं घर विकत कोण घेणार?

आज मी म्हटलं, "आपण घरांची अदलाबदल करू. तू माझ्यात राहा, मी तुझ्यात."

"मग तू डांबर हुंगत बसशील."

"माझी फुप्फुसं चांगली आहेत. दुरुस्ती न करता चाललीत."

"बर्नी," तो म्हणाला, "तुझ्या नकाशातल्या त्या कारखान्याला कुंपणाबाहेर काहीच नव्हतं? एखादी शेड? टाकी? माझा बाप तिथे होता. टाकी 'नव्या अंगणात' होती म्हणायचा. कुठलं नवं अंगण?"

बापाच्या आठवणीला सरकार पुरावा मानत नाही, हे मी त्याला शक्य तितक्या हळू सांगितलं. पण उद्या पुन्हा बघते.

५ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं. म्हणजे सापडलं नाही. नीट लिहिते.

इमारत बदलली की विमा कंपनी दर वेळी नवा नकाशा छापत नसे. फक्त बदललेला तुकडा छापायची आणि तिचा माणूस येऊन तो खळ लावून जुन्या नकाशावर चिकटवून जायचा. काही पानांवर असे तुकड्यांवर तुकडे आहेत. शहर कसं वाढलं ते बोटांना कळतं.

आज तेच पान खिडकीशी तिरपं धरलं. कारखान्याच्या कुंपणाच्या पूर्वेला, चोवीस साली मोकळी म्हणून दाखवलेल्या जमिनीवर, कागद फिकट आहे. आजूबाजूचं पान चहासारखं तपकिरी आणि मध्ये एक स्वच्छ चौकोन, कडेने खळीचा पिवळट डाग. तिथे तुकडा होता. खूप वर्षं होता, म्हणूनच खालचा कागद उन्हापासून वाचला. चोवीस सालानंतर कारखाना कुंपण ओलांडून पूर्वेला पसरला होता. एमिलच्या बापाचं नवं अंगण!

चौकोन आजच्या नकाशावर बसवला. बरोबर एमिलच्या घराखाली येतो.

आणि तुकडा नाही. पान झटकलं, पेटी झटकली, शेल्फामागे हात घातला. त्या खंडातले सगळे सैल तुकडे गायब आहेत. घट्ट चिकटलेले तेवढे आहेत. कुणीतरी एकेक करून, निगुतीने, काढलेत. राजधानीतल्या ग्रंथालयाने कंपनीची वर्गणी भरली नव्हती, म्हणून तिथल्या प्रतीवर तुकडे कधी लागलेच नाहीत. दुसरी प्रत नाही.

हे काम वॉल्टर प्रिंगलचं. आमचे माजी संचालक. या माणसाने आधी भेटवस्तूंचं दुकान उघडलं आणि मग जागा उरली त्यात संग्रहालय ठेवलं. लोंबणारे कागद बघून त्याच्या सौंदर्यदृष्टीला त्रास झाला असणार. तीन वर्षांपूर्वी मेला म्हणून वाचला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एमिलकडे जेवायला गेले. कोबी आणि लोण्यातल्या नूडल्स. त्या त्याला आयरीनपेक्षा चांगल्या जमतात, पण हे मी तिच्या हयातीत बोलले नाही आणि आताही बोलत नाही.

चौकोनाचं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढचं सांगवेना. तरी सांगितलं.

"सुटून पडला असेल," तो म्हणाला. बोलता बोलता मोहरीच्या बाटलीचं लेबल अंगठ्याच्या नखाने सोलत होता. ही त्याची जुनी खोड. छत्तीस वर्षं रेल्वेडब्यांच्या दुरुस्तीशेडमध्ये काढली. सैल दिसलं की काढा, नाहीतर धावत्या गाडीत ते कुणाचा तरी जीव घेईल, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवायचे. त्याच्या घरात एकाही बाटलीला धड लेबल नाही. व्हिनेगर कुठलं आणि सरबत कुठलं, ते वासावरून ठरवायचं.

"पडला असता तर पेटीत मिळाला असता. काढलाय कुणीतरी. सैल होते ते सगळे काढलेत, घट्ट होते ते ठेवलेत. असला गाढवपणा प्रिंगलच करू जाणे."

त्याचं नख थांबलं.

"कुठला खंड?"

"लाल पाठीचा. वरच्या शेल्फवरचा."

मोहरीची बाटली त्याने बाजूला सारली. मग म्हणाला, "प्रिंगलला बोलू नकोस. बिचारा मेलाय."

"मेल्याने कागद परत चिकटत नाहीत."

"नाही," तो म्हणाला. "ते तर नाहीच."

नूडल्स तशाच टाकून उठला. औषधांनी भूक जाते म्हणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज एमिल नकाशाखोलीत येऊन धडकला. या थंडीत, दोन जिने चढून! दहा मिनिटं नुसता खुर्चीत बसून होता, ओठ निळे पडलेले. मी ओरडले. त्याने हात हलवून मला गप्प केलं.

किती वर्षांनी आला इथे. आयरीन गेली त्या हिवाळ्यात रोज यायचा. घरी बसवत नव्हतं त्याला. मी माझ्या टेबलाशी, तो शेल्फांशी. धूळ पुसायचा, बिजागऱ्यांना तेल घालायचा, दिसेल ते ठाकठीक करायचा. दिवसभरात आम्ही चार वाक्यं बोलत असू. तेवढी नीटनेटकी ही खोली आधी नव्हती, नंतरही झाली नाही. खरं सांगायचं तर माझाही तो हिवाळा बरा गेला.

दम परतल्यावर त्याने ते पान मागितलं. फिकट चौकोनावर बोट ठेवून बसला. मग उठून रेडिएटरच्या मागे वाकून बघायला लागला, शेल्फाखाली पट्टी फिरवायला लागला.

"काय शोधतोयस? मी सगळं बघितलंय."

"तेव्हा इथला कचरा कुठे जायचा?"

"तेव्हा म्हणजे कधी?"

"तेव्हा. पूर्वी."

"कचरा कचऱ्यात जायचा, एमिल. प्रिंगलनेसुद्धा त्यात नवं काही शोधलं नव्हतं."

पट्टी हातात धरून उभा होता. इतका म्हातारा तो मला आजवर दिसला नव्हता. कोट घालायला मदत केली तर म्हणाला, "तू माझ्यासाठी फार खटपट करू नकोस. माझी लायकी नाही तेवढी." दम लागला की माणूस काहीही बोलतो. मी म्हटलं, "तुझ्यासाठी कोण करतंय? मी प्रिंगलला खोटं पाडायला करतेय."

७ मार्च, शुक्रवार

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सुनावणी. ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार, मांस वर्ज्य, त्यामुळे हॉल आधीच तळलेल्या माशाच्या जेवणासाठी ठरलेला. तडजोड म्हणून दोन्ही एकत्र. इतिहासात पहिल्यांदाच सरकारच्या बैठकीला लोकांनी रांग लावली.

खात्याकडून आलेल्या बाईंचं नाव ओबरहोल्टझर. नाव लांब, स्वभाव सरळ. मला वाईट वागणारं कुणीतरी हवं होतं. ही नेमकी चांगली निघाली. मी पान दाखवलं, चौकोन दाखवला, खळीचा डाग दाखवला. तिने भिंग लावून नीट बघितलं.

"मिस हडाक, तुमचं म्हणणं मला पटतंय," ती म्हणाली. "इथे काहीतरी चिकटवलेलं होतं."

"मग झालं तर!"

"पण काय होतं? टाकीची शेड असेल, नाहीतर सायकली ठेवायची पडवीही असेल. नियम म्हणतो 'नकाशात दर्शविलेली'. नसलेल्या कागदात 'दर्शविलेली' असं मी कसं लिहू?"

"मग जमीन खोदून बघा! वास येतो तळघरात!"

"तपासणीचा पैसा हद्दीच्या आतल्यापुरताच मंजूर आहे."

"म्हणजे आत असेल तरच खोदणार, आणि खोदल्याशिवाय आत येणार नाही?"

तिने भिंग खाली ठेवलं. मागून डगन ओरडला, "बर्नी, सोड तिला, मासा गार होतोय!"

तेवढ्यात एमिल उठला. सोबतच्या प्राणवायूच्या नळकांड्यातून हवा ओढत, टेबलाला धरून.

"टाकीची शेड होती," तो म्हणाला. "करड्या रंगाची. म्हणजे पत्र्याची. तुकड्यावर लिहिलं होतं. मी वाचलंय."

"तुम्ही तो तुकडा पाहिलात?"

"माझ्याच हातां..." तो थांबला. माझ्याकडे बघितलं. "पाहिलाय."

"आता तो आहे का कुठे, मिस्टर सोपको?"

"नाही."

"छायाचित्र? प्रत?"

"नाही. काही नाही."

ओबरहोल्टझरबाईंनी लिहून घेतलं. अतिशय सुवाच्य अक्षरात. त्याचा उपयोग होणार नाही हे तिलाही माहीत होतं, मलाही.

घरी येताना मी म्हटलं, "रंगसुद्धा बरोबर सांगितलास. पत्रा करडाच दाखवतात. माझ्या बडबडीतलं इतकं तुझ्या लक्षात राहिलं?" तो नळकांड्याची नळी सारखी करत राहिला. खरं म्हणजे माझे डोळे भरून आले होते. सहा दशकं सरळ वागलेला माणूस भर हॉलमध्ये मी एकटी पडू नये म्हणून खोटं बोलला. फार वाईट बोलला, पण बोलला.

१५ मार्च, शनिवार

दोन पत्रं आली. माझं जाड, एमिलचं पातळ. पाकीट उघडायची गरज नव्हती.

जाड पत्रात अभिनंदन आहे. घराचा भाव आहे. जूनपर्यंत सही करायची. हेही कळलं की हद्द ठरवायला शेवटी माझी रेघ वापरलीच नाही. राजधानीतल्या प्रतीवरून यंत्रानेच काढली. माझ्या बहुमोल सहकार्याबद्दल मात्र आभार मानलेत. म्हणजे मी पेन्सिल थोडी पूर्वेला सरकवली असती तरी काही बिघडलं नसतं आणि काही सुधारलंही नसतं. गेले दोन महिने रात्रंदिवस मला तीच पेन्सिल दिसत होती.

पातळ पत्र एमिलने माझ्यासमोर वाचलं, घडी घातली, साखरेच्या भांड्याखाली ठेवलं.

"तू सही कर," तो म्हणाला.

"बघू."

"बघू नाही. कर. शेजारी कोण उरणार म्हणून बसू नकोस."

"मी कशाला शेजाऱ्याचा विचार करीन? मला घर आवरायचा कंटाळा आहे."

१८ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी एमिलला रुग्णवाहिकेतून नेलं. मी डगनच्या गाडीने मागोमाग गेले. नातेवाईक आहात का, असं विचारलं. शेजारी म्हटलं. मग बाहेरच बसवलं. इथेही आत-बाहेरची रेघ आहे.

जोअ‍ॅनला फोन केला. निघते म्हणाली.

२६ मार्च, बुधवार

मार्च संपत आला तरी रात्रभर बर्फ. संग्रहालयात गेले नाही.

जोअ‍ॅन आज बापाला घरी आणणार होती. तिच्या कॅरोलायनातल्या दोन खोल्यांत नळकांडी, यंत्र, म्हातारा आणि तीन पोरं मावत नाहीत. तिने फोनवर रडत सांगितलं आणि मी 'हो गं' म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार? तेव्हा तो परत येणार तो याच घरात, याच तळघरावर. बर्फ वितळायच्या आधी.

सकाळी फावडं घेऊन त्याच्या दारासमोरची जागा उपसली. पायऱ्यांपर्यंत वाटही केली. खांदा दुखतोय, पण त्याबद्दल तक्रार करायला कुणी नव्हतं. त्याची बादली काढली, माझ्या जागेवरून पिवळी खुर्ची उचलली आणि त्याच्या जागेवर ठेवली. डगन समोरून ओरडला, "काय गं, तुझ्या जागेचं काय?" मी म्हटलं, "मला कुठे जायचंय?"

दुपारी गाडी आली. जोअ‍ॅनने खुर्ची बाजूला केली, नीट जागेत गाडी लावली. एमिल उतरला, दोन पावलं टाकली आणि दमून त्याच खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. बैठक मध्ये फाटली होती, मागच्या वर्षी मी तिच्यावर चिकटपट्टी मारली होती. थंडीने तिचं एक टोक सुटून वर आलेलं. त्याचा अंगठा सवयीने तिकडे गेला. मला वाटलं, गेली पट्टी.

पण त्याने ती ओढली नाही. नखाऐवजी बोटाचं पेर ठेवून ते टोक खाली दाबलं. पुन्हा वर आलं, पुन्हा दाबलं. बर्फात उभा राहून, श्वास पुरत नसताना, ते बसेपर्यंत दाबत राहिला. त्याला असं करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. नव्या औषधांचा परिणाम असावा.

"प्रिंगलवर रागावू नकोस, बर्नी," तो म्हणाला.

"बरं. नाही रागवत."

जोअ‍ॅनने त्याला आत नेऊन झोपवलं. मी खुर्ची झटकली, तिचे पाय पुसले आणि त्याच्या स्वयंपाकघरात नेली. टेबलाभोवती तीन होत्या. खिडकीकडची जागा रिकामी होती, तिथे ठेवली.